मी मागितलेलं तीर्थ

आयसीयूच्या बाहेर निळ्या खुर्च्यांवर जे कोणी बसून असतील, त्यांच्या हाती हे पडावं म्हणून लिहितोय. धीर देण्याचा माझा विचार नाही. धीर द्यायला तिथे नातेवाईक भरपूर येतात आणि जाताना पार्किंगबद्दल तक्रार करून जातात. मला फक्त दोन पळ्या पाण्याची गोष्ट सांगायची आहे. ती मी वेळेवर सांगितली असती तर आमच्या घरात आज जे आहे ते नसतं.

मी सुधीर, वय अठ्ठावन्न. मंडईजवळ आमचं बियाण्यांचं दुकान आहे, राहायला आम्ही कर्वेनगरला. घरात बायको नीलिमा आणि आई. आई त्र्याऐंशी वर्षांची, शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेली. धाकटा भाऊ मिलिंद सदाशिव पेठेत राहतो.

सोबत कोण आहे

सुरुवात पायाला मुंग्या येण्यापासून झाली. मी दोष नव्या चपलांना दिला. दुसऱ्या दिवशी दुकानात मेथीच्या बियांची पुडी हातातून सुटली, गिऱ्हाईक म्हणालं, "काका, सकाळी सकाळी?" तिसऱ्या दिवशी मला संडासातून उठता येईना. नीलिमाने शेजाऱ्यांना बोलावलं आणि दोघांनी मला उचलून बाहेर आणलं. तेव्हा सगळ्यात जास्त लाज वाटली होती. पुढे काय काय वाढून ठेवलंय हे माहीत असतं तर लाज जरा जपून वापरली असती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. त्यांनी दुसऱ्या गुडघ्यावर मारली. मग हातोडी खिशात ठेवून विचारलं, "सोबत कोण आहे?" आजाराचं नाव नंतर कळलं, पण माझ्यासाठी निदान तेच होतं. डॉक्टर जेव्हा तुमच्याशी बोलायचं सोडून सोबतच्या माणसाला शोधतात, तेव्हा समजून जावं.

जीबीएस. आपल्याच शरीराचं संरक्षण आपल्याच नसांवर उलटतं, म्हणाले. पायापासून वर चढत जातं. बरा होतो हा आजार, वेळ लागतो. नीलिमाने त्यातलं "बरा होतो" तेवढं घट्ट धरलं. तिचं चुकलं नाही. तो आजार खरोखरच बरा झाला. मी मरायला टेकलो ते त्याच्यामुळे नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला श्वास पुरेना. वाक्य बोलायला घेतलं की दोन शब्दांत संपायचं. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस मशीन श्वास घेईल, तुम्ही विश्रांती घ्या. विश्रांती हा शब्द मी तेव्हापासून कुणासाठी वापरत नाही.

सहा नंबर

आयसीयूत मला नाव नव्हतं, मी सहा नंबर होतो. सहा नंबरचं स्पंजिंग झालं का, सहा नंबरचा एक्स-रे कुठे आहे. तोंडातून घशात नळी, नाकातून पोटात नळी. दर दोन तासांनी मला या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचे. छातीत कफ साठला की सक्शन करायचे. नळीत दुसरी बारीक नळी घालून आतलं ओढून काढायचे, आणि तेवढे क्षण आपला श्वासही त्याबरोबर ओढला जातोय असं वाटायचं. दर वेळी मला वाटायचं की हे शेवटचं. दर वेळी ते शेवटचं नसायचं, आणि कधी कधी त्याचंच वाईट वाटायचं.

एक नर्स होती, प्रणाली. यवतमाळकडची, बारीक चणीची, आवाज मात्र खणखणीत. ती काहीही करण्याआधी सांगायची. "काका, आता सक्शन करते बरं. पाच आकडे मोजा मनात." आणि ती खरंच पाचच्या आत थांबायची. रोज आल्यावर वार सांगायची. "काका, आज बुधवार आहे. बाहेर ऊन पडलं आहे मस्त." ज्यांना माणसाला भेटायला पाच मिनिटंच मिळतात, त्यांनी "कसं वाटतंय" विचारण्यापेक्षा वार सांगावा. तिथे ट्यूबलाइट कधी बंद होत नाहीत, त्यामुळे वार सांगितला की जगात आपली अजून कुठेतरी जागा आहे असं वाटतं.

अकराव्या की बाराव्या दिवशी हाताची बोटं हलायला लागली. पुढच्या सोमवारी सकाळी घशातली नळी काढली. काढताना डॉक्टरांनी छातीतल्या कफाचा नमुना तपासायला पाठवला. "जरा घट्ट वाटतोय, बघून घेऊ," असं म्हणाल्याचं मला आठवतं. हा सोमवार लक्षात ठेवा.

नळी निघाली पण गिळता येत नव्हतं, कारण घशाच्या नसा अजून झोपलेल्या होत्या. खाटेच्या डोक्याशी लाल अक्षरात पाटी लागली: तोंडावाटे काहीही देऊ नये. प्रणालीने मला नीट समजावलं. "पाणी पाहिजे न काका? कळते मला. पण गिळता येत नाही तुम्हाला अजून, ते सरळ फुफ्फुसात जाईल." ती ओल्या कापसाने माझे ओठ पुसायची. त्या कापसाचा वास मला अजून आठवतो. मी तो दातांत पकडायचा प्रयत्न करायचो आणि ती हसून काढून घ्यायची.

तहान म्हणजे काय, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आधी मी ज्याला तहान म्हणायचो ती नुसती पाणी प्यायची आठवण होती.

मंगळवार, संध्याकाळचे पाच

आमच्याकडे पूजा झाली की आई ताम्हनातलं तीर्थ पळीने सगळ्यांना देते. मी अठराव्या वर्षी देव सोडला, तेव्हापासून "ठेव, घेतो नंतर" म्हणतो. ती माझ्या वाटणीचं वाटीत काढून टेबलावर ठेवायची आणि दुपारी तुळशीला घालायची. चाळीस वर्षं हे असंच. आम्ही त्यावरून एकदाही भांडलो नाही. तिने कधी आग्रह केला नाही आणि वाटी ठेवायचं कधी चुकवलं नाही.

आई निर्जळी एकादशी करायची तेव्हाही तीर्थ घ्यायची. तीर्थाने उपास मोडत नाही, कारण तीर्थ म्हणजे पाणी नव्हे. एकतीस वर्षं मुलांना समीकरणं शिकवणारी बाई हे मानायची आणि यात तिला काही विसंगत वाटत नसे. आमच्या घरात कुणालाच वाटत नसे. बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशीही सकाळी त्यांचं पाणी बंद होतं आणि तीर्थ मात्र दिलेलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी पाचच्या भेटीला नीलिमाऐवजी आई आली. निळा गाऊन तिला घोट्यापर्यंत आला होता. तिने पाटी वाचली. मी पाहिलं, ती चष्मा सारखा करून पूर्ण वाचत होती. मग तिने कनवटीची होमिओपॅथीची छोटी बाटली काढली आणि रुमालात गुंडाळलेली पळी.

"तीर्थ आणलंय," ती म्हणाली. "घेणार नसशील तर डोळ्यांना लावते."

मी तोंड उघडलं.

तिने एक पळी जिभेवर सोडली. गार होतं, तुळशीच्या पानाची चव होती. मला ठसका लागला, पण फार नाही. आईचा हात थबकला. आणि मी बोललो. नळी काढल्यापासून माझ्या घशातून नीट शब्द निघाला नव्हता, तो तेव्हा निघाला. "अजून."

तिने दुसरी पळी दिली.

मला सगळं माहीत होतं, हे इथे स्वच्छ लिहून ठेवतो. प्रणालीने सकाळीच सांगितलेलं होतं, पाटी डोक्याशी होती, शुद्ध शाबूत होती. मी तीर्थ घेतलं नाही. मी पाणी प्यायलो.

दुसऱ्यांदा

बुधवारी सकाळी थंडी वाजायला लागली. दहाच्या सुमाराला माझ्याभोवती माणसं जमली, आणि कुणीतरी म्हणालं, "पुन्हा टाकावी लागेल." नळी. मला मान हलवून नको म्हणायचं होतं, तेवढ्यात झोपेचं औषध हातात गेलं.

न्यूमोनिया. हॉस्पिटलमध्येच लागलेला. मशीनवरच्या माणसाला तो सहज गाठतो म्हणतात, नळीच्या वाटेने. औषधांना दाद न देणारे जंतू होते. पुढचे तीन आठवडे मला सलग आठवत नाहीत. जे आठवतं ते खरं आहे की नाही, सांगता येत नाही. मी दुकानात आडवा आहे आणि माझ्या छातीवर कुणीतरी बियांची पोती रचतंय, एकावर एक, आणि मी सांगतोय की ही पोती इथली नाहीत, आणि कुणाला ऐकू जात नाही. मग गळ्याला भोक पाडून नळी तिथून घातली. आवाज कायमचा गेला असं मी धरून चाललो.

शेजारी पाच नंबरला अपघातातले एक गृहस्थ होते. त्यांनाही हाच न्यूमोनिया झाला होता. एके सकाळी मधला पडदा ओढला गेला, आणि पडद्यामागे कुणी घाईत नव्हतं. घाई नसते तेव्हा काय झालेलं असतं ते तिथे लवकर कळतं. दुपारी फिनेलचा वास आला आणि संध्याकाळी नवा पाच नंबर आला. मला त्यांचा हेवा वाटला. हे नीलिमाला मी आजपर्यंत सांगितलेलं नाही, तिला इथेच वाचायला मिळेल.

खोलीत काय झालं

हे मला महिन्याभराने नीलिमाकडून कळलं.

बुधवारी दुपारी डॉक्टरांनी घरच्यांना छोट्या खोलीत बोलावलं होतं. मिलिंद तापलेलाच होता. "माणूस सुधारत होता, इन्फेक्शन तुमच्या इथे झालं. जबाबदारी कोण घेणार?" डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि नेहमीचे प्रश्न विचारले. त्यातला एक होता, "तोंडाने काही दिलं होतं का कुणी?"

आईने हात वर केला, अगदी वर्गात करतात तसा.

"मी दिलं. काल संध्याकाळी, दोन पळ्या तीर्थ."

मी "अजून" म्हणालो होतो हे तिने सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले की नेमकं यामुळेच झालं असं काही सांगता येणार नाही. पण तोवर मिलिंदला हवा होता तो माणूस मिळाला होता. तो आईकडे वळला आणि म्हणाला, "आई, तू शिकलेली बाई आहेस." एवढंच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं नीलिमा म्हणाली.

त्यानंतर आई हॉस्पिटलमध्ये आली नाही. घरी नीलिमा आणि ती सहा आठवडे एका छपराखाली राहिल्या. दोघींचं बोलणं कुकरच्या शिट्ट्या आणि दुधाच्या पिशव्या यापलीकडे गेलं नाही. नीलिमा सकाळी डबा घेऊन निघायची, निळ्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा धरायची, संध्याकाळी परत जायची. "मला त्यांचा राग नव्हता आला," ती मला म्हणाली. "मला फक्त त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तुम्हाला कळतंय ना, अहो?" मला कळत होतं. मी तोंड फिरवलं.

कारण त्या आधीच मला अक्षरांचा तक्ता मिळालेला होता. नीलिमा बोट फिरवायची, बरोबर अक्षर आलं की मी डोळे मिटायचो. बाकी काही माहीत नसलं तरी आई येत नाही हे मला दिसत होतं, आणि आईचं नाव निघालं की मिलिंद फोन बघायला लागतो हेही. मी काही खुळा नव्हतो. मला अंदाज आला होता. "मी मागितलं" एवढी दोन शब्दांची अक्षरं लावायला फार तर दहा मिनिटं लागली असती. मी माझी अक्षरं पंखा, पाठ, गरम, उशी यावर खर्च केली. मिलिंद रोज यायचा, माझे पाय चोळायचा. तो माझ्यावर चिडला तर येणार नाही, अशी मला भीती होती. माणूस आजारपणात देवमाणूस होतो असं जे लिहितात ते बहुधा कधी आजारी पडलेले नसतात. मी अधिक भित्रा झालो, बस.

कागद

नऊ आठवड्यांनी घरी आलो. दुकान चालू आहे, मी नाही. वॉकर धरून दिवाणखान्यातून देवघरापर्यंत जातो, तेवढ्यात धाप लागते. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग कायमचा आखडलाय. गळ्यावरचं भोक भरलं, आवाज आला, पण तो माझा वाटत नाही. फोनवर लोक विचारतात, कोण बोलतंय.

आई पूजा करते. घंटा वाजते, उदबत्तीचा वास येतो. मग ती ताम्हन उचलून थेट बाल्कनीत जाते आणि सगळं तुळशीला ओतते. तीर्थ कुणाला देत नाही. नीलिमाने पहिल्या आठवड्यात हात पुढे केला होता, आई तिच्या बाजूने निघून गेली. टेबलावर वाटी नसते. जी वाटी मी चाळीस वर्षं पाहिली नाही, ती आता नसलेली रोज दिसते.

मग मला फाइलमध्ये एक कागद सापडला. सोमवारी पाठवलेल्या कफाचा रिपोर्ट. त्यात तेच जंतू होते. नमुना सोमवारचा, तीर्थ मंगळवारचं. मी तो कागद तीनदा वाचला आणि आजार सुरू झाल्यापासून पहिल्यांदा मला घाई झाली. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "हो, जंतू आधीच होते. न्यूमोनिया बहुधा येणारच होता. पाण्याने त्यात भर पडली का, ते नाही सांगता येणार."

मी मिलिंदला कळवलं. फोनवर तो म्हणाला, "दादा, मी आईशी बोलतो." तो आला, खिडकीकडे बघत आईशी हवापाण्याचं बोलला आणि चहा पिऊन गेला. त्याला जमलं नाही. मी त्याला बोलणारा कोण.

परवा पूजा आटोपत आली तेव्हा मी वॉकर घेऊन देवघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. कागद आईच्या हातात दिला. तिने भिंग घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. पेपर तपासताना वाचायची तसा.

"सोमवारी होतेच जंतू," मी म्हणालो. "तुझ्यामुळे झालं नाही."

"भर पडली का, ते यात नाही."

"ते नाही सांगता येत, डॉक्टर म्हणाले."

"मग नाही सांगता येत." तिने कागदाची घडी घालून मला परत दिली. "सांगता येत नाही याचा अर्थ नाही असा होत नाही."

"आई, मी मागितलं होतं. मला माहीत होतं द्यायचं नाही ते. मी अजून म्हणालो. तू सांगितलं का नाहीस त्यांना?"

"मी तिथेच होते की," ती म्हणाली. "आजारी माणूस मागणारच. नाही म्हणायला आपण असतो."

ती निरांजनाची वात मागे सारत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पहिली पळी दिली तेव्हा ठसका लागला तुला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण तू अजून म्हणालास. मला वाटलं, चाळीस वर्षांनी पोराने तीर्थ मागितलं. इतका आनंद झाला मला, की दुसरी पळी काठोकाठ भरली."

तिला वाटलं तेच खरं होतं, असं म्हणायची सोय नव्हती. मी तीर्थ मागितलंच नव्हतं. मी तोंड उघडलं तेव्हा तिला जे मिळालं असं वाटलं, ते तिला मिळालेलंच नव्हतं, आणि हे तिला आता कळलेलं होतं.

मी वॉकरवरचा उजवा हात सोडला आणि पुढे केला. तळहाताचा खळगा अजून नीट होत नाही, बोटं पुरती वळत नाहीत. "मग आज दे," मी म्हणालो.

आईने माझ्या हाताकडे पाहिलं. ताम्हनात पाणी होतं, तुळशीचं पान तरंगत होतं. पळी शेजारीच होती.

"गिळता येतं ना आता सगळं?" तिने विचारलं.

"येतं."

"मग तहान लागली असेल तर माठातलं घे."

ती ताम्हन घेऊन माझ्या बाजूने बाल्कनीत गेली. पाणी कुंडीत पडल्याचा आवाज आला. माझा हात फार वेळ वर राहत नाही. मी तो परत वॉकरवर ठेवला.